एकमताने निवड

मुरानाका तेप्पेई मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो आमच्या खोलीच्या दाराबाहेर उभा होता, आणि दार सताड उघडं होतं. खोली नंबर दोनशे सात. मी आदल्या दिवशीच ओसाकाजवळच्या साकाइहून येऊन खिडकीकडची जागा बळकावली होती. हा उत्तरेतून, अकिताच्या डोंगरातून आलेला. खांद्याला बॅटींची लांब पिशवी, हातात धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्याची पुडी, आणि बुटांना अजून तिकडचा चिखल.

"किती वेळ उभा आहेस?" मी विचारलं.

"जास्त नाही. तुम्ही कामात होतात ना."

मी केस विंचरत होतो. शाळा संपल्यावर डोक्यावर जेमतेम बोटभर उगवलेल्या केसांना भांग पाडता येतो का, ते आरशात बघत होतो. त्याला काम म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आम्हा ओसाकाकडच्या लोकांची जीभ सैल, दार उघडं नसलं तरी आम्ही आत असतो. मी त्याला म्हटलं, "मीही पहिल्याच वर्षाचा आहे. कुनिहिरो. तुम्ही-बिम्ही नको, आत ये आणि ते लोणचं सोड." त्याने ते दोन्ही हातांनी पुढे केलं. त्या वासाने खोली पुढचे तीन दिवस भरली होती, आणि मला तो आवडायला लागला. माणूसही, लोणचंही.

आमच्याकडे बेसबॉल बहुतेकांच्या आयुष्यातून शाळेबरोबरच जातो. शेवटच्या उन्हाळ्यातला सामना हरला की पोरं मनसोक्त रडतात, आणि दुसऱ्या दिवसापासून भादरलेल्या डोक्यावर केस वाढवायला लागतात. ज्यांचा जात नाही ते आमच्यासारखे. तेप्पेईच्या वडिलांचं टोफूचं दुकान होतं, एका खिडकीचं, आणि त्यांच्या गावच्या शाळेचं मैदान वर्षातले चार महिने बर्फाखाली असायचं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून बर्फात धावायचं आणि शेतकी गोदामात चेंडू झेलायचा, असं शिकून तो कॅचर झाला होता, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. त्याच्या कप्तानपदाखाली ती शाळा जिल्ह्यातल्या शेवटच्या चारांत पोचली. गावाने त्याच्या नावाचा फलक रेल्वे स्टेशनवर लावला. तो फलक आपल्याला चुकवता यावा म्हणून हा पठ्ठ्या मागच्या फाटकाने ये-जा करायचा.

त्याला आमच्या विद्यापीठात आणलं ते त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकांनी, हानावा सरांनी. सर आमच्याच संघातले जुने खेळाडू. आमचे कान्तोकु इसोगाई, म्हणजे संघाचे सर्वेसर्वा, त्यांच्याहून दोन वर्षांनी पुढे होते. सरांनी दोन वर्षं इसोगाईंचे मोजे धुतले होते. त्या मोज्यांच्या पुण्याईवर दर वर्षी त्या डोंगरातल्या शाळेतला एक मुलगा आमच्याकडे घेतला जायचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. एक फोन जायचा आणि एक जागा मिळायची. त्यातली अटही कुठे लिहिलेली नव्हती, पण ती लहान मुलालाही ठाऊक असते. आलेला मुलगा चार वर्षांच्या आत संघ सोडून गेला, तर पुढच्या वर्षी फोन उचलला जात नाही. जागा गेली ती गेली. तुमच्या मागे जो पोरगा आहे, त्याच्या मागे जो आहे, सगळ्यांची गेली.

निघताना स्टेशनवर हानावा सर त्याला म्हणाले होते, "मुरानाका, खेळायला मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तरी राहा. चार वर्षं राहा."

शाळेत आम्ही ॲल्युमिनियमच्या बॅटीने खेळायचो. त्या बॅटीला चेंडू कुठेही लागला तरी टणकन आवाज होऊन लांब जातो, आणि मारणाऱ्याला वाटतं आपण कोणीतरी आहोत. कॉलेजात लाकडी बॅट. ती खोटं बोलत नाही. दोन बोटं इकडेतिकडे लागला की तळव्यांत मधमाशा शिरल्यासारखं होतं, आणि बॅट तुटते. शाळेत चौथ्या क्रमांकावर, म्हणजे सगळ्यात भरवशाच्या जागी, मारणाऱ्या मुरानाकाने पहिल्या दहा दिवसांत तीन बॅटी तोडल्या. मी दोनच. पण मी तुटली की शिव्या द्यायचो. तो तुकडे गोळा करून खोलीत आणायचा आणि डिंकाने चिकटवायचा. चिकटवलेली बॅट कोणी वापरत नाही. मी विचारलं तर म्हणाला, "माहीत आहे. पण तशीच टाकून कशी द्यायची?"

एकशे अठरा खेळाडू होते आम्ही, आणि सामन्याला पंचवीस जातात. जो तो आपल्या गावचा राजा, आणि असे सगळे राजे सकाळी साडेपाचला उठून संडास घासत होते. पहिल्या वर्षाच्या मुलांनी मैदान झाडायचं, चेंडू शिवायचे, वरच्या वर्गाच्या मुलांचे कपडे धुवायचे, आणि ते समोर आले की कमरेत वाकायचं. कान्तोकुंनी पहिले दोन महिने आमच्यातल्या कोणाचं नावही घेतलं नाही. मला ते चीड आणायचं. मी रोज खोलीत येऊन त्यांची नक्कल करायचो, हाताची घडी, डोळे मिटलेले, नाकातून आवाज. तेप्पेई हसायचा, पण आधी दाराकडे बघून.

जूनमध्ये, एका सोमवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, आम्ही गच्चीवर वरच्या मुलांचे कपडे वाळत घालत होतो. तो एका युनिफॉर्मची बाही पिळता पिळता म्हणाला, "कुनिहिरो, मी घरी जातो."

"किती दिवस?"

"कायमचा."

मी थट्टा करणार होतो, तेवढ्यात त्याचे हात दिसले. त्याचे तळवे सुजलेले होते. तो म्हणाला की सकाळी बॅट धरायला बोटं मिटतच नाहीत. टोफूच्या दुकानात निदान हातांना ऊन पाणी तरी लागेल. मी म्हटलं, "मग जा. तुझं आयुष्य आहे. मी तुझी बॅग धरतो."

"आधी सरांना विचारतो."

"विचारतो कशाला? सांग."

तो खाली गेला, वसतिगृहाच्या कार्यालयाबाहेर फोन होता तिथे. वीस मिनिटांनी परत आला आणि उरलेले कपडे वाळत घालू लागला.

"काय म्हणाले सर?"

"निइत्सुचा चेंडू आता शेवटी आत वळायला लागलाय म्हणाले." निइत्सु हा त्याच्या शाळेतला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, त्याच्याहून एक वर्ष मागे, पुढच्या वर्षीच्या जागेवरचा.

"आणि तुझ्याबद्दल?"

"एवढंच म्हणाले."

मला त्या सरांचा असा राग आला की मी चिमटे बादलीत आपटले. एवढं शहाणपणाने बांधून ठेवलेलं मी कोणाला पाहिलं नव्हतं. दोरी दिसतही नव्हती. तेप्पेई मात्र सरांवर चिडला नाही. उलट म्हणाला की निइत्सुच्या घरी आई एकटी आहे, परीक्षा देऊन कॉलेजात जाईल असा तो नाही, त्याला चेंडूशिवाय काही येत नाही. "माझ्यामुळे त्याचं अडायला नको." मग त्याने इस्त्री करायचे शर्ट वेगळे काढले.

निइत्सु दुसऱ्या वर्षी आला. उंच, अशक्त, आणि बोलायला तेप्पेईच्या दुप्पट लाजाळू. अकितात पोरांना बोलायला शिकवतच नाहीत असं मी जाहीर करून टाकलं. तो पहिल्याच दिवशी आमच्या दाराशी येऊन कमरेत वाकून म्हणाला, "मुरानाका-सान, तुम्ही झेललंत तर मला टाकता येईल."

आता जे झालं ते मी प्रामाणिकपणे सांगतो, कारण त्यात माझा तोटा होता. मीही कॅचर. शाळेत मला कोणी दुसरा कॅचर दाखवला तर मी हसायचो. पण मुरानाका निइत्सुचे चेंडू झेलायला बसला, आणि त्याच्या हातमोज्यातून जो आवाज निघाला तसा माझ्या हातमोज्यातून कधी निघाला नव्हता. गोदामात झेलून झेलून तो शिकला होता. बंद जागेत आवाज घुमतो, तो ऐकून पिचरला धीर येतो, म्हणून त्याने तळव्याच्या नेमक्या कोणत्या भागावर चेंडू घ्यायचा ते बसवलं होतं. बॅट हातात आली की लाकूड होणारा हा माणूस तिथे उकिडवा बसला की घरात बसल्यासारखा दिसायचा. कान्तोकु इसोगाई चालता चालता थांबले. डोळे मिटून चारपाच चेंडू ऐकले.

"अकिता," ते म्हणाले. नाव घ्यायची त्यांना सवय नव्हती. "हात चांगला आहे तुझा."

त्या दिवशी तेप्पेई जेवला नाही. भूकच नाही म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग हळूच मला सांगितलं की एकच गोष्ट हवी आहे. लीगच्या एका सामन्यात, एकाच, निइत्सु टाकतोय आणि आपण मागे बसलोय. वडील दुकानात रेडिओ लावतात, त्यावर दोन्ही नावं एका दमात येतील. "मग उरलेली वर्षं कपडे धुवायला लागले तरी चालेल."

त्याने आयुष्यात काही मागितलेलं मी तेवढंच ऐकलं. तेही माझ्याकडे मागितलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

शरद ऋतूतली लीग संपली. चौथ्या वर्षाचा कॅचर गेला. आता त्या जागेसाठी आमच्या वर्गातले दोघं उरलो, तो आणि मी. बॅटीने मी जरा बरा, झेलण्यात तो कितीतरी सरस, आणि निइत्सु पुढचा मुख्य पिचर होणार हे उघड होतं. वसंतातल्या लीगला मागे कोण बसेल, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आम्ही एकाच खोलीत राहत होतो, एकमेकांच्या पाठीला मलम चोळत होतो, आणि मी रोज मनात हिशेब घालत होतो की याचा गुडघा किती दिवस टिकेल. हे लिहिताना मला लाज वाटते.

आणि मग नोव्हेंबरात आमच्या वर्गाची पाळी आली.

आमच्या संघात दुसरं वर्ष संपायच्या आत प्रत्येक वर्गाने आपल्यातला एक माणूस काढून द्यायचा असतो. तो मॅनेजर होतो. म्हणजे युनिफॉर्म उतरवायचा, कोट-टाय घालायचा, आणि पुढची दोन वर्षं संघाची बस, पंचांचा चहा, पत्रव्यवहार, याद्या, हे सगळं बघायचं. मैदानावर उभं राहायचं ते वही घेऊन. तो परत खेळाडू होत नाही. बाहेरून नोकर ठेवता येणार नाही का, असं विचारणारा आमच्यात जन्माला यायचाय. आणि तो कान्तोकु निवडत नाहीत, चिठ्ठ्या टाकून किंवा मतं मोजून निवडता येत नाही. वर्गाने बसायचं आणि एकमताने ठरवायचं.

"तुमच्यातला एक द्या," इसोगाई म्हणाले. "तोवर तुमच्या वर्गाने मैदानावर पाय ठेवायचा नाही."

आम्ही चोवीस जण होतो. रोज दुपारी वर्ग सुटले की वसतिगृहाच्या भोजनगृहात बसायचो, लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना. बाहेर बाकीच्यांचा सराव चालायचा, बॅटीचे आवाज यायचे, आणि आत आमचे हात मांडीवर. पहिल्या दिवशी आमच्या वर्गाचा म्होरक्या ताकिगुची म्हणाला, "घाई करू नका. प्रत्येकाने मनातलं बोला." कोणी मनातलं बोललं नाही. दुसऱ्या दिवशी एकाने आपल्या आजोबांना खेळताना दिसायचंय असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी अचानक सगळ्यांनाच आजोबा निघाले. पाचव्या दिवशी दोघांची मारामारी झाली, तीही चप्पल कोणाची यावरून. वरच्या वर्गाचे लोक जाता-येता काचेतून आत बघायचे. सातव्या दिवशी वाटायला लागलं की आपण इथेच म्हातारे होणार, आणि स्वयंपाकघरातली बाई रोज पाचला येऊन आम्हाला उठवून त्या टेबलावर भांडी मांडत राहणार.

नवव्या दिवशी दुपारी तेप्पेई म्हणाला, "कोणीच नसेल तर… मी करू का?"

हे नीट समजून घ्यायला हवं. आमच्याकडे, आणि अकितात तर जास्तच, असं वाक्य हे वाक्य नसतं. ती एक खुर्ची पुढे सरकवणं असतं, दुसऱ्याला बसायला सोपं जावं म्हणून. पाहुणा "निघू का?" म्हणतो तेव्हा निघायला उठत नाही. कोणीतरी "छे, तू कसा? तू तर निइत्सुचा कॅचर" म्हणायचं, मग दुसऱ्या कोणाला तरी लाज वाटायची, आणि गाडी हलायची. नऊ दिवस अडकलेली ती खोली हलवायला त्याने आपल्याकडची सभ्यता तेवढी पुढे केली होती. आपण हे काय बोललो याची त्याला भीती वाटली नसणार, कारण समोर मी बसलो होतो. "छे" म्हणायचं काम माझं होतं. त्याच्या खोलीतला मी, त्याचा मित्र मी, त्याला आत ये म्हणणारा मी. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझ्यासमोर सोया सॉसची बाटली होती. तिच्या झाकणाखाली वाळलेला थर होता. मी तो नखाने काढायला लागलो.

किती वेळ गेला असेल, सांगता येत नाही. बाहेर कोणीतरी जोरात धावत गेलं. मग ताकिगुचीने खुर्ची मागे सरकवली, उभा राहिला, आणि टेबलाला कपाळ लागेपर्यंत वाकला. "मुरानाका, उपकार होतील." त्याच्या मागोमाग सगळे वाकले. मीही वाकलो. टेबलाला दुपारच्या करीचा वास येत होता. चोवीसपैकी तेवीस जण तुमच्यापुढे वाकलेले असताना "मी सहज म्हटलं होतं" असं म्हणणारा माणूस आमच्यात नाही. तेप्पेईने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तोही वाकला.

"माझ्याकडून चुका होतील," तो म्हणाला, "सांभाळून घ्या." हेही ठरलेलं वाक्य आहे. एकमत झालं. पंधरा मिनिटांत आम्ही बूट चढवून मैदानावर होतो, आणि नऊ दिवसांनी चेंडू हातात आल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी दोनदा ओरडलो.

खोलीत तो युनिफॉर्म घडी घालत होता. मी म्हटलं, "संघ सोड. खरंच सोड. आता कशासाठी राहायचं?"

"निइत्सुच्या मागे अजून एक आहे," तो म्हणाला. "शॉर्टस्टॉप. सर म्हणतात, पायाने चपळ आहे."

निइत्सु त्या संध्याकाळी आला. दाराबाहेर उभा राहून रडला, आत यायला तयार नव्हता. तेप्पेईने त्याला सांगितलं, "कुनिहिरोकडे टाक. त्याचा हात बरा आहे." मी खिडकीबाहेर बघत होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण पुढे काही झालं नाही. मी दोन वर्षं निइत्सुचे चेंडू झेलले. आवाज कधी आला नाही. लीगचे अकरा सामने खेळलो, कोणाच्या लक्षात राहावं असं एकही मारलं नाही, आणि आता साकाइत वडिलांचं सुऱ्यांचं दुकान चालवतो. निइत्सु चौथ्या वर्षी खांदा दुखावून थांबला. तो चपळ शॉर्टस्टॉप आला, त्याच्या मागचाही आला. मुरानाका आमच्या संघाला लाभलेला सर्वांत चांगला मॅनेजर होता, हे इसोगाई अजून म्हणतात, आणि ते त्याचं नाव घेऊन म्हणतात. मॅनेजर असलेल्या पोराला कंपन्या डोळे मिटून घेतात, तसा तो सेंदाइत एका कागदाच्या कंपनीत लागला. आज तिथे माल रवाना करायचं खातं त्याच्याकडे आहे. दोन मुली आहेत. दर नव्या वर्षाला त्याचं कार्ड येतं, सुंदर, एकही खाडाखोड नसलेलं, आणि आम्ही भेटलो की तो आधी मला बसायला सांगतो. बाकी कोणी त्याच्याबद्दल विचारलं तर मी हे एवढंच सांगतो. पण निवडीनंतरच्या त्या दहा दिवसांतली एक गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही.

नव्या मॅनेजरचं पहिलं काम म्हणजे पुढच्या वर्षीच्या नेमणुकांची पत्रं घरोघरी पाठवणं. संघाच्या कागदावर, ब्रशपेनने, ठरलेल्या भाषेत. तेप्पेई दोन दिवस कार्यालयात बसून लिहीत होता. मी त्याला चहा द्यायला गेलो तर त्याच्यासमोर जे पत्र वाळत होतं ते त्याच्याच वडिलांच्या नावचं होतं. "आपले चिरंजीव मुरानाका तेप्पेई यांची संघाच्या मॅनेजरपदी एकमताने निवड झाली आहे, हे कळवण्यास अत्यंत आनंद होतो." खाली सही, मॅनेजर, मुरानाका तेप्पेई.

"घरी फोन कर की," मी म्हटलं. "असं स्वतःच स्वतःचं कळवतोस होय?"

"फोनवर मी मुलगा असतो," तो म्हणाला. "बाबांनी विचारलं तर मला बोलावं लागेल."

नेमणुकांची यादी लीगच्या कार्यालयात शुक्रवारी जायची होती. इसोगाईंनी वर्गाला बजावलं होतं, तोवर काही बदल असेल तर एकमतानेच येऊन सांगा, शुक्रवारनंतर काही चालणार नाही. बुधवारी दुपारी मी सरावाला निघालो होतो. पायाला कॅचरची संरक्षक पट्टी बांधलेली, हातमोजा काखेत. तेप्पेईने कार्यालयाच्या खिडकीतून हाक मारली. त्याने कोट घातला होता, तो खांद्यांवर मोठा होत होता. टेबलावर एक उघडलेलं पाकीट होतं.

"वाच," तो म्हणाला. "संघाच्या नावाने आलंय. म्हणजे तुझंही आहे."

अकिताहून आलेलं पत्र होतं. टोफूवाल्या मुरानाकांचं, पत्ता 'मॅनेजर महोदय' यांचा. मी उभ्यानेच वाचलं.

"महोदय, आपले पत्र पोचले. आमच्या मुलाचा आपल्या संघाला उपयोग होत आहे, हे वाचून त्याची आई व मी आभारी आहोत. आपण त्याच्याबरोबर राहता, म्हणून एक विनंती करण्याचे धाडस करतो. तो लहानपणापासून असा आहे की दुसऱ्याची अडचण दिसली की 'मी करतो' म्हणून बसतो, आणि मग मागे फिरत नाही. आम्ही घरी त्याला नेहमी दुसऱ्यांदा विचारत असू. दुसऱ्यांदा विचारले की तो खरे सांगतो. आपल्यापैकी कोणी त्याला दुसऱ्यांदा विचारले असेलच. नसेल विचारले, तर कृपा करून विचारावे. यापलीकडे आमची काही तक्रार नाही. इकडे पहिला बर्फ पडला. सर्वांनी प्रकृतीस जपावे."

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती, पण वर बघायला लागू नये म्हणून वाचलं. तेप्पेई टेबलापलीकडे उभा होता, हात पाठीमागे, पहिल्या दिवशी दाराबाहेर होता तसाच गप्प. तो माझ्याकडे बघत होता. त्याने ते पत्र फाईलला लावून टाकलं असतं तर मला कधी कळलंही नसतं. त्याने मला हाक मारून दाखवलं होतं. त्याला जेवढं मागता येत होतं तेवढं त्याने मागितलं होतं, वडिलांच्या अक्षरात. शुक्रवारला दोन दिवस होते. मी नुसतं "मुरानाका, तुला खरंच करायचंय का हे?" एवढं विचारलं असतं, तर त्याने खरं सांगितलं असतं, मग मला जाऊन ताकिगुचीला गाठावं लागलं असतं, पुन्हा सगळे त्या टेबलाभोवती बसलो असतो, आणि त्या वेळी ज्याच्याकडे बघावं लागलं असतं असा दुसरा कॅचर आमच्या वर्गात एकच होता.

बाहेरून निइत्सुने हाक मारली, "कुनिहिरो-सान, मी तयार आहे."

मी पत्राची घडी घातली, होती तशी, आणि टेबलावर ठेवली.

"अक्षर छान आहे तुझ्या वडिलांचं," मी म्हणालो.

तेप्पेईने पत्र आपल्याकडे ओढलं. मग त्याने मान हलवली. "हो," तो म्हणाला, "शाळेत बक्षीस मिळालं होतं त्यांना." त्याने खुर्ची ओढली, बसला, पत्राच्या कोपऱ्यात संघाचा शिक्का मारला, तारीख घातली, आणि ते आलेल्या पत्रांच्या फाईलला लावलं.